तांब्याची जोडी

तामलवाडीच्या आमच्या घरात फोन आला तेव्हा मी शाळेत होतो. 1984 मध्ये सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली, वातानुकूलनाशिवाय चालणारी तिची छोटी एक्स्चेंजं खेड्यांत पोचली, आणि आमच्यासारख्यांच्या भिंतींवर फोनची डबी लागू लागली. डबीत दोन स्क्रू, दोन तारा: एक तांबडी, एक हिरवी.

पुढं पुण्याला नोकरी लागली आणि लॅपटॉप घेऊन मी कोजागिरीला गावी येऊ लागलो. सोलापूरहून तुळजापूरला पायी निघालेल्या भक्तांनी रस्ता भरलेला असायचा, आणि मी आत वायर सोलत बसलेला. मुंबईत इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 लाच आलं होतं. आमच्या घरात ते या डबीतून आलं. लॅपटॉपला फोनच्या पिनेची खाच होती, डबीत मात्र ती पिन बसायला जागा नव्हती. मग वायरचं एक टोक कापायचं, ब्लेडनं आवरण सोलायचं, तारा स्क्रूखाली पिळून आवळायच्या. नंबर लागायचा, शिट्टी, मग खरखर.

"झालं का रं? मावशीचा फोन यायचाय," आई दारातून विचारायची.

फोनवरून साधारण 300 ते 3,400 हर्ट्झचाच आवाज जातो. मावशीची ख्यालीखुशाली आणि माझी पत्रं त्याच वाटेनं जायची, म्हणून एका वेळी एकच. मोडेम 56 किलोबिटचा, पण 28.8 ची जोडणी लागली तरी आनंद व्हायचा. एक एमबीचा फोटो उतरायला जवळपास पाच मिनिटं.

जोडणी टिकायची ती आमच्या लाइनमनमुळं. तो रिसीव्हर कानाला लावून नुसता ऐकायचा. "चार्जर काढा, बॅटरीवर चालवा," म्हणाला, आणि लाइनीतली घरघर गेली. पाऊस सरल्यावर खांबावर चढून त्यानं जोडावरचा हिरवा गंज खरवडला, तारा नव्यानं पिळल्या. विजा चमकल्या की आधी वायर काढायची, हेही त्यानंच बजावलं. खेड्यातलं इंटरनेट अशा हातांनी उभं केलं, असं मी मानतो.

आता गावात सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे, आणि माझ्या लॅपटॉपला ती खाचही नाही. जानेवारी 2020 अखेर बीएसएनएलच्या 78 हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. तांब्याची लाइन कानानं ओळखणारे कितीतरी लोक तेव्हा घरी गेले. कुठल्या खांबावर कुठली जोडी होती, पावसात ती कशी वागायची, हे त्यांच्याकडून विचारून लिहून ठेवायला हवं. सुरुवात मी आमच्या लाइनमनपासून केली आहे. दिवाळीत पुन्हा त्याच्याकडं जाणार आहे.