चौकात नेण्याचा कॅमेरा

गेल्या दिवाळीनंतर आम्ही एक लहान डिजिटल कॅमेरा विकत घेतला; नवा नव्हे, दुसऱ्याने वापरलेला. कामानिमित्त जळगाव आणि धुळे यांच्यामध्ये आमची वरचेवर ये-जा असते. फुले मार्केटसमोरची गर्दी, धुळ्याच्या आग्रा रोडवरची सायंकाळ, केळीच्या घडांनी भरलेल्या गाड्या आणि त्यांच्याशेजारी घाम पुसणारे हमाल, हे सारे टिपावे अशी इच्छा जुनीच होती. ओळखीच्या कुटुंबांतून मात्र एकच प्रश्न आला : खिशात मोबाइल असताना हा खर्च कशासाठी? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आमचे आम्हांलाच सापडावयास चार महिने लागले.

खानदेशात छायाचित्रकलेचा विषय निघाला की चाळीसगावच्या केकी मूस यांचे नाव ओठांवर येतेच. १९१२ साली जन्मलेले आणि १९८९ च्या अखेरीस निवर्तलेले हे पारशी कलावंत आपल्या घरातून कित्येक दशके जवळजवळ बाहेर पडलेच नाहीत. घरातल्या किरकोळ वस्तू मेजावर मांडाव्यात, त्यांवर हवा तसा प्रकाश पाडावा आणि त्यांतून विस्तीर्ण निसर्गदृश्य उभे करावे, ही त्यांची हातोटी. कॅमेरा जड आहे की हलका, याची त्यांना चिंता नव्हती. मेजावरची वस्तू पळत नाही, मान वळवीत नाही, आणि तिची परवानगीही घ्यावी लागत नाही. चौकातल्या माणसाचे तसे नाही. तो चालतो, भाव करतो, रागावतो. त्याला स्वतःचे मन आहे. रस्त्यावर नेण्याचा कॅमेरा निवडताना आम्ही ही गोष्ट सतत डोळ्यांपुढे ठेवली.

जाहिरातींत मेगापिक्सेलचा आकडा ठळक छापलेला असतो. पाहावा तो सेन्सरचा आकार. साध्या, स्वस्त कॅमेऱ्यातला सेन्सर जेमतेम ६ बाय ४.५ मिलिमीटरचा असतो. ‘एक इंची’ म्हणविला जाणारा १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा. (हा इंच जुन्या व्हिडिओ नळीच्या मापातून आलेला आहे, फूटपट्टी लावून तो कोठेही सापडत नाही.) ‘एपीएस-सी’ सेन्सर सुमारे २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने एक इंचीच्या तिपटीहून अधिक. दिवेलागणीनंतर भाजीवाल्याच्या गाडीवर एकच दिवा लटकत असतो, तेव्हा हा फरक चित्रात स्वच्छ दिसतो.

सोनीच्या ‘आरएक्स १००’ने २०१२ साली एक इंची सेन्सर सदऱ्याच्या खिशात आणून बसविला, आणि वर झूमही दिले. ते झूमच आम्हांला नको होते. झूम असले की रस्त्याच्या या कडेला सुरक्षित उभे राहून त्या कडेचा चेहरा ओढून घेता येतो, आणि त्या चेहऱ्याच्या धन्याला त्याचा पत्ताही नसतो. एकाच नाभ्यंतराची बसकी लेन्स असली म्हणजे पायांनी जवळ जावे लागते.

रिकोच्या ‘जीआर थ्री’ या २०१९ सालच्या यंत्राने मन फार डळमळले. वजन बॅटरीसह अवघे २५७ ग्रॅम, सेन्सर मात्र एपीएस-सी. त्यात फोकसचे अंतर आधीच ठरवून ठेवण्याची सोय आहे. छिद्रमान एफ ८ आणि अंतर दोन मीटर ठेवले, की एका मीटरच्या थोड्या पुढून ते पार गल्लीच्या टोकापर्यंत चित्र बऱ्यापैकी रेखीव येते. कळ दाबली की काम झाले. परंतु त्याला डोळा लावून पाहावयाची खिडकी नाही. पाठीवरच्या पडद्यावरच सारी भिस्त. जळगावच्या मे महिन्यात, पारा चव्वेचाळीसच्या वर असताना, भर दुपारी त्या पडद्यावर स्वतःच्या चेहऱ्याखेरीज फारसे काही दिसणार नाही. आणखी एक शंका होती, व ती उन्हापेक्षा मोठी. असा कॅमेरा कमरेजवळ धरून, दुसरीकडे पाहत, कोणाच्या नकळत चित्र घेता येते. पुष्कळांना हाच त्याचा गुण वाटतो.

फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांचे १९५२ सालचे प्रसिद्ध पुस्तक इंग्रजीत ‘निर्णायक क्षण’ अशा अर्थाच्या नावाने गाजले. मूळ फ्रेंच नाव निराळेच आहे. त्यातला शब्दप्रयोग, परवाना नसलेला फेरीवाला पळण्याच्या तयारीत राहून घाईघाईने माल विकतो, त्यासाठी वापरतात. अतिक्रमणाची गाडी आली की टोपली उचलून धावणारी माणसे आपल्या बाजारांत कोणी पाहिली नाहीत? आम्हांला त्या नावात एक अडचण दिसते. पळून जाण्याची पाळी त्या टोपलीवालीची असते. तिचे चित्र घेणाऱ्यानेही तसेच निसटावे, हे आमच्या मनाला पटत नाही.

म्हणून अखेर फुजीफिल्मचा ‘एक्स १०० एफ’ हा २०१७ सालचा कॅमेरा घेतला. सेन्सर एपीएस-सी, लेन्स एकच, वजन ४६९ ग्रॅम. वरच्या खिशात मावत नाही, झोळीत मावतो. पाठीवरचा पडदा वळत नाही. पण त्याला खरी काचेची खिडकी आहे, आणि तिला डोळा लावावयाचा तर कॅमेरा चेहऱ्यासमोर उचलावा लागतो. समोरच्याला दिसते, की आपले चित्र घेतले जात आहे. मान हलवून नकार द्यावयास त्याला एक क्षण मिळतो. मोबाइलने तो मिळत नाही. हातातला माणूस निरोप वाचतो आहे की चित्र घेतो आहे, हे कोणास कळणार? हा एक क्षण आम्ही पैसे मोजून विकत घेतला, असे म्हटले तरी चालेल. त्यापायी काही उत्तम चित्रे हुकतात. हुकोत.

धुळ्यात मेथीच्या जुड्या लावणाऱ्या एका आजींनी कॅमेरा पाहून हात आडवा केला. “भाऊ, मना फोटू कसाले?” आम्ही तो खाली घेतला व मेथी घेतली. पुढच्या खेपेस त्यांनी आपण होऊन पदर नीट केला.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला आमच्या कामातूनच माहीत आहे. अंत्यविधीच्या घरी गेलो की तासाभरात शोध सुरू होतो, तो मृताच्या छायाचित्राचा. लग्नातल्या घोळक्यात कोपऱ्यात उभी असलेली आई सापडते, नाहीतर आधार कार्डावरचा चेहरा मोठा करून आणतात. उभा जन्म रस्त्यावर, शेकडो लोकांच्या नजरेसमोर काढलेल्या बाईचा एकही नीट फोटो घरात नसतो. चौकटीतून पाहतो तो कार्यालयातला घाबरलेला चेहरा. हसण्याची सवय असलेली ती बाई त्यात नसते.

आजींचे चित्र चार बाय सहा इंचांच्या कागदावर छापून घेतले व दोन प्रती त्यांच्या हाती दिल्या. एक त्यांनी पोलक्यात ठेवली. दुसरी शेजारच्या लसूणवाल्याला दाखवावयास दिली, ती परत आलीच नाही. तिसरी छापावयास टाकली आहे. लसूणवाल्याने स्वतःसाठीही एक सांगून ठेवली आहे. मात्र नवा सदरा घालून येईन त्या दिवशीच घ्या, अशी त्याची अट आहे.