दिलेली तारीख

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिकासाठी काहीतरी लिहून द्या, असं सरांनी वर्गात सांगितलं आणि जाता जाता म्हणाले, "शेवटची तारीख पंधरा. ती चुकवायची नाही." तेव्हा मागच्या बाकावरून हसण्याचा आवाज आला. तो आमचा होता. सरांना वाटलं असेल, पोरी वात्रट आहेत. तसं नाही सर. 'शेवटची तारीख' या दोन शब्दांवर आम्ही तिघी गेले काही महिने इतकं बोललो आहोत, की ते ऐकले की हसू येतं. मला तर हसता हसता घशात काहीतरी अडकतंही.

आम्ही तिघी म्हणजे मी आणि माझ्या दोन मैत्रिणी. नावं छापायची नाहीत अशी त्यांची अट आहे. ("आमच्या घरी वार्षिक वाचतात, बाई!") म्हणून आमच्यातली टोपणनावंच लिहिते. एक टाचणी. तिच्या ओढणीला सदा एक तरी टाचणी खोचलेली असते, कारण ती ब्लाउज शिवते, आरीवर्क करते. आणि तिचं बोलणंही थोडं टोचरंच. दुसरी क्लच. तिच्या बाबांचा छोटा हत्ती आहे. ते भाजीपाला, कांदा सोलापूरच्या मार्केट यार्डात पोचवतात. साखरेमुळे त्यांना रात्रीचं नीट दिसेना, तेव्हा उन्हाळ्यात ही गाडी शिकायला बसली. पहिले दोन महिने तिच्या तोंडी दुसरा शब्द नव्हता. म्हणून क्लच.

कॉलेज साडेबाराला सुटतं आणि आमची एस.टी. दोनला. मधला दीड तास स्टँडवरच्या सिमेंटच्या बाकावर आमचा. तिथे जे शिकले ते कुठल्याच अभ्यासक्रमात नाही.

"कटोरी ब्लाउज म्हणजे इंग्रजीचा पेपर," टाचणी म्हणायची. "सगळं बरोबर बेतलं, तरी मुंढ्यात पाव इंच चुकला की गिऱ्हाईक हात वर करून बघतं आणि तोंड वाकडं करतं."

"तुझं बरं आहे, चुकलं तर उसवता येतं," क्लच म्हणायची. "काल चढावर गाडी बंद पडली. मागे दुधाचा टेम्पो. क्लच सोडली की बंद, सोडली की बंद. तो टेम्पोवाला खाली उतरून बाबांना म्हणतो, 'दादा, पोरीला स्वैपाक शिकवा.'"

"मग?"

"बाबा म्हणाले, 'येतो की तिला. तुम्हाला येतो का?'"

आम्ही इतक्या हसलो की समोरचे कंडक्टर वळून बघायला लागले. क्लचच्या मोबाईलवर सुरेखा यादव यांचा फोटो आहे. मूळच्या साताऱ्याच्या, १९८८ साली देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक झाल्या. १३ मार्च २०२३ ला त्यांनी आमच्या सोलापूरहून मुंबईपर्यंत वंदे भारत चालवत नेली आणि गाडी वेळेच्या पाच मिनिटं आधी पोचवली. २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. "पाच मिनिटं आधी!" क्लच दर वेळी बोट वर करून सांगते. "याला म्हणतात तारीख पाळणं."

या गप्पांत माझा वाटा काय? मी ग्रंथालयात वाचलेलं सांगायचे. हाताच्या सुईचं नेढं मागच्या बाजूला असतं. शिलाई मशीनच्या सुईचं मात्र टोकाशी. अमेरिकेतल्या इलियास होवे यांना १८४६ साली ज्या मशीनचं पेटंट मिळालं, तिच्या सुईचं नेढं असंच टोकाशी होतं. सुई कापडाच्या पार न होता नुसतं टोक खाली जातं, तिथे सुईतला दोरा दुसऱ्या दोऱ्यात अडकतो आणि टाका बसतो. हे ऐकून टाचणी म्हणाली, "अगं बाई! रोज सुई ओवते, पण हे कधी मनात आलं नाही. तुझ्या घरी आहे का गं मशीन?"

"नाही," मी म्हटलं. "आई घरीच असते."

खोटं होतं. आमच्या घरात पायाची मशीन आहे, आणि माझी कॉलेजची फी, पास, पुस्तकं तिच्यावरच चालतात. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. वडील चौथी शिकले, आई सातवी. प्रवेशाच्या अर्जात 'आईचा व्यवसाय' असा रकाना होता. मी तिथे 'गृहिणी' लिहिलं. का, ते आजही नीट सांगता येत नाही. सगळ्यांनी तेच लिहिलं होतं, एवढंच खरं.

दुसरं एक कारण होतं. मला शिवता येत नाही. शिवणाऱ्या बाईच्या मुलीला साधी टीप सरळ मारता येत नाही, हे कुणाला सांगायचं? आईने मला कधी मशीनवर बसूच दिलं नाही. लहानपणी एकदा गंमत म्हणून बसले तर तिने हात धरून उठवलं. "तू मशीनीवर बसायचं न्हाई, सांगून ठेवते. मी शिवते, तू शीक." शिवणं आणि शिकणं यांत एका अक्षराचा फरक. त्या एका अक्षरासाठी ती बाई वीस वर्षं पाय मारते आहे.

आमच्या भिंतीवर एक कॅलेंडर असतं. त्याच्या चौकोनांत आई गिऱ्हाइकांची नावं लिहिते, पुढे ब्लाउजांचा आकडा. गॅस कधी लावला, माझी परीक्षा कधी, तेही तिथेच. तिने दिलेली तारीख कधी चुकल्याचं मला आठवत नाही. आजी गेली त्या आठवड्यातही नाही. "माणूस सणासाठी कापड देतं," ती म्हणते. "सण झाल्यावर मिळालेल्या ब्लाउजाचं काय करायचं?" या चौकोनांत तिच्या स्वतःच्या नावाचं काहीच नसतं, हे मात्र मला दिसलं नव्हतं.

तुळशीचं लग्न झालं आणि लग्नसराई सुरू झाली. रविवारच्या एका लग्नाचे अकरा ब्लाउज आईकडे आले. शनिवारी दुपारपर्यंत द्यायचे होते. माझा प्रकल्पही शनिवारीच द्यायचा होता. गुरुवारी रात्री मी आतल्या खोलीत प्रकल्प लिहीत होते. मशीनचा आवाज एकदम थांबला. बाहेर येऊन बघते, तर आईच्या डाव्या हाताच्या बोटात सुई आरपार गेलेली. ती ओरडली नव्हती. उजव्या हाताने हळूहळू चाक मागे फिरवत होती. सुई मोडून तुकडा आतच राहिला. शुक्रवारी सकाळी सरकारी दवाखान्यात तो काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आठ दिवस पाणी नको, काम नको."

आई म्हणाली, "चार ब्लाउज ऱ्हायलेत."

मी कॉलेजला गेले नाही म्हणून टाचणीचा फोन आला. मी काय सांगावं? तोंडात 'ताप आलाय' आलं होतं. पण बाजूला आई पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवून त्या चार ब्लाउजांकडे बघत होती. मी सगळं सांगितलं. मशीनसुद्धा. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग टाचणी म्हणाली, "अस्तर लावून झालंय का?" एवढंच.

संध्याकाळी दारात छोटा हत्ती उभा राहिला. क्लच चालवत होती; तिला दसऱ्यालाच पक्कं लायसन मिळालं होतं. बाजूला टाचणी, मांडीवर तिचा कात्रीचा डबा. आई अवघडली. "कॉलेजच्या पोरींना रातभर बसवायचं व्हय?" पण टाचणी तोवर मशीनवर बसलीही होती.

ती रात्र मी विसरणार नाही. आई खाटेवरून सांगत होती, टाचणी शिवत होती. "बाहीची फुडची बाजू खोल असती, उलटी लावू नगंस." क्लच इस्त्री करत होती. माझ्या वाट्याला हुक आणि हातशिलाई. आधीचे हुक वाकडे लागले. आई म्हणाली, "उसव." पुन्हा लावले. "उसव." तिसऱ्यांदा ती काही बोलली नाही. एवढं कौतुक मला कुठल्या परीक्षेत मिळालं नव्हतं.

मध्यरात्री चहा झाल्यावर क्लचला हुक्की आली. चिंधीवर टीप मारून बघते म्हणाली. पाय मारला आणि चाक उलटं फिरून दोरा तुटला. आई दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. "आधी हातानं चाक आपल्याकडं फिरवायचं, मग पाय. आन् दाबायचं न्हाई, धरून सोडायचं." क्लच दोन-चारदा चुकली, मग साधलं. "काकू," ती म्हणाली, "हे तर डिट्टो क्लच! माझे दोन महिने फुकट गेले, आधी तुमच्याकडेच यायला हवं होतं."

शनिवारी सकाळी अकराला ब्लाउज घेऊन आम्ही निघालो. आई ऐकेना, स्वतः द्यायला आली. ती पुढे क्लचशेजारी बसली. रस्त्याकडे तिचं लक्षच नव्हतं. जाताना आणि येतानाही ती क्लचच्या पायांकडे बघत होती.

माझा प्रकल्प सोमवारी गेला. सरांनी कारण विचारलं, मी सांगितलं. सर म्हणाले, "कारण खरं आहे. पण तारीखही खरी आहे. दोन गुण जातील." मला वाईट वाटलं नाही. आईला मात्र फार लागलं. "माज्या बोटापायी तुजी तारीख चुकली." हे ती बोट बरं होईपर्यंत म्हणत राहिली. मी तिला सांगितलं, सरांना खरं सांगितलं, ते दोन गुणांत स्वस्तच पडलं. तिला ते पटलं नाही.

बोटाची पट्टी सुटली त्या दिवशी आई सहज विचारावं तसं म्हणाली, "त्या पोरीनं ते लायसन कसं काढलं गं?"

वडील जेवत होते. ते म्हणाले, "कुठं जायचंय तुला?"

आई म्हणाली, "कुठं जायचं ते मागनं ठरवीन."

वडील काही बोलले नाहीत. भाकरी मोडली आणि खाली बघून हसले, असं मला वाटलं.

मग बाकावरच्या गप्पांत आई शिरली. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेसाठी आम्ही तिघींनी तिला खुणा शिकवल्या. त्रिकोण म्हणजे सावध करणं, गोल म्हणजे हुकूम. "आमच्या खडूच्या खुणांवानीच की," ती म्हणाली. "हितं काप, हितं नुसतं दुमड." डिसेंबरात शिकाऊ परवाना मिळाला. त्याची मुदत सहा महिने. तीस दिवस झाल्यावर पक्क्या लायसनची परीक्षा देता येते. गाडीला पुढे-मागे लाल 'एल' लावावा लागतो. नियमात त्याचा पांढरा चौकोन अठरा सेंटिमीटरचा आहे. आईने टेपने मोजून पांढरं अस्तर बेतलं आणि त्यावर लाल ब्लाउजपीसचा 'एल' शिवला. चारही कडांना टीप, एकही सुरकुती नाही. दर रविवारी तो 'एल' लावून छोटा हत्ती आमच्या माळावर येतो. क्लच बाजूला बसून ओरडते, टाचणी मागे उभी राहून टोमणे मारते. आईची गाडी वळणावर अजून फार रुंद जाते, आणि मागे घेताना ती डोळे मिटते. पण चढावर ती एकदाही बंद पडलेली नाही.

यंदाच्या परीक्षेच्या काळात एक अर्ज भरायचा होता. त्यात पुन्हा तो रकाना आला. मी लिहिलं, 'शिवणकाम'. अक्षर जरा मोठंच आलं.

आणि आई आता मला मशीनवर बसू देते. फक्त रविवारी, अभ्यास झाल्यावर. टीप अजून वाकडी जाते. "उसव," ती म्हणते.

नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर फेब्रुवारीच्या वीस तारखेचा चौकोन आहे. त्या दिवशी तिची गाडीची परीक्षा. तिथे तिने नाव लिहिलेलं नाही, आकडाही नाही. नुसता एक 'एल' काढला आहे. परवा शेजारच्या वाडीतल्या एक बाई कापड घेऊन आल्या. त्यांना ब्लाउज वीसलाच हवा होता.

"वीसला न्हाई जमायचं," आई म्हणाली. "एकोणीसला सांजच्याला न्या, न्हाईतर एकवीसला. वीसला माजी तारीख हाय."

"दवाखान्याची का?" त्यांनी काळजीने विचारलं.

"न्हाई," आई म्हणाली. "गाडीची."

ती पास होईल की नाही, हे हा लेख छापून येईपर्यंत कळलेलं असेल. मागे घेताना डोळे उघडे ठेवले तर होईल, असं क्लचचं मत आहे.

सर, आज तेरा तारीख आहे. लेख दोन दिवस आधी देते आहे.