भरीव आवाज, पातळ आवाज

बाबांच्या मते सीडीचा आवाज भरीव असतो आणि लॅपटॉपचा पातळ. माझ्या मते शून्य-एकचे आकडे चकतीवर असोत की हार्ड डिस्कवर, आकडे तेच. या वादात आमच्या घराची कितीतरी रविवार सकाळ गेली आहे. आईचं मत विचारलं तर ती म्हणते, दोन्हींचा आवाज कमी करा.

आधी आकडेच बघू. सीडीवर दर सेकंदाला 44,100 वेळा ध्वनीचं मोजमाप घेतलेलं असतं, प्रत्येक मोजमाप 16 बिटांचं, डाव्या आणि उजव्या कानासाठी वेगळं. गुणाकार केला तर सेकंदाला 14 लाख 11 हजार 200 बिट होतात. 1982 साली सीडी बाजारात आली तेव्हापासून हेच गणित आहे. ही सीडी कॉम्प्युटरवर फ्लॅकमध्ये उतरवली तर फाइल लहान होते, पण झिप फाइलसारखीच. उघडली की एकही बिट इकडचा तिकडे झालेला नसतो.

पण बाबांना फरक ऐकू यायचा, आणि तो खराच होता. ते 'लॅपटॉपवरची गाणी' म्हणायचे ती कुणाच्यातरी पेन ड्राइव्हवरून आलेली 128 केबीपीएसची एमपीथ्री होती. एमपीथ्री जागा वाचवण्यासाठी ध्वनीचा काही भाग टाकूनच देते. तंबोऱ्यावर हे लगेच पकडता येतं. जवारीतून निघणारी ती बारीक झगमग अशा फाइलमध्ये पाण्याखालून आल्यासारखी होते. शिवाय विलंबित संपून द्रुत सुरू होताना, ट्रॅक बदलला की मध्येच एक पोकळी. सीडीवर तिथे काहीच तुटत नाही. दुसरं कारण हेडफोनच्या भोकातून अँपला गेलेली वायर. लॅपटॉपला चार्जर लावला की मागे सतत गुणगुण, माउस हलवला की बारीक चरचर. गर्दीच्या गाण्यात ती लपते, आलापीत लपत नाही. (फोनवर ब्लूटूथने ऐकणाऱ्यांना ही गुणगुण नसते, पण तिथे बहुतेक वेळा आवाज पुन्हा एकदा दाबला जातो.)

म्हणून मी एक बाहेरचा डॅक आणला. डॅक म्हणजे आकड्यांचा पुन्हा विद्युत लहरींमध्ये अनुवाद करणारी डबी. सीडी प्लेअरमध्ये ती आतच असते, आणि खरं वेगळेपण बहुतेकदा तिच्यात आणि तिच्या पुढच्या सर्किटमध्ये असतं. प्लेअरची कोअॅक्सिअल वायर आणि लॅपटॉपची यूएसबी, दोन्ही त्याच डॅकला जोडल्या. लॅपटॉपचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवला, कारण किंचित मोठा आवाज नेहमी 'चांगला' वाटतो. गाणं बाबांनी निवडलं, किशोरीताईंचा भूप. आई खोलीबाहेर बसून नाणं उडवायची आणि त्याप्रमाणे एक किंवा दुसरं लावायची. बारा फेऱ्या झाल्या. बाबांचे सात अंदाज बरोबर.

"सात म्हणजे फर्स्ट क्लास ना रे?"

नुसतं नाणं उडवूनही 12 पैकी 7 किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता 39 टक्क्यांच्या आसपास आहे, हे मी सांगितलं. बाबा म्हणाले, "तू किती ओळखलेस?" मीही बसलो. सहा.

इथे वाद संपायला हवा होता. पण घरात आणखी एक सीडी होती, आजीची. काकाने कॅसेटवर आजीच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या आणि पुढे 2004 मध्ये त्या घरीच सीडीवर उतरवल्या. कॅसेट राहिली नाही, आजीही नाही. घरी लिहिलेली सीडी छापलेल्या सीडीसारखी नसते. तिच्यावर रंगाचा थर असतो, आणि उजेडाने, उष्णतेने तो हळूहळू उतरतो. तिसऱ्या ओवीत प्लेअर अडखळायला लागला होता.

कानाला ऐकू येणारा फरक नव्हे, तर हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. प्लेअरला गाणं थांबवता येत नाही. एखादा तुकडा वाचता आला नाही तर तो आधी दुरुस्तीच्या जादा आकड्यांतून भरून काढतो, तेही जमलं नाही तर शेजारच्या आकड्यांवरून अंदाजाने जोडतो, आणि अगदीच मोठी खोच असेल तर गप्प होतो. कॉम्प्युटरला घाई नसते. तो तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचू शकतो, आणि उत्तर दरवेळी तेच आलं का ते तपासू शकतो.

ड्राइव्हचा वेग कमी करून रात्रभर सीडी लावून ठेवली. मग दुसऱ्या ड्राइव्हवर पुन्हा एकदा, आणि दोन्ही फाइली ताडून पाहिल्या. पहिल्या दोन ओव्या हुबेहूब जुळल्या. तिसरीत अर्धा सेकंद कुठल्याच ड्राइव्हला मिळाला नाही. तो गेला. पण त्याच्या आधी, जिथे प्लेअर नुसता 'टक्' करून पुढे जायचा तिथे, आजी थांबून खोकते आणि "पाणी दे गं" म्हणते.

बाबांनी तेवढंच चार वेळा ऐकलं. मग विचारलं, हे फोनवर कसं घ्यायचं.

भूप ते अजून सीडीवरच ऐकतात. भरीव वाटतो म्हणाले.