आठ खुर्च्यांची खोली

घर बांधताना आम्ही जेवायला वेगळी खोली काढली, त्याला आता वीस वर्षे होऊन गेली. त्या वेळच्या औरंगाबादेत, सिडकोत, २००३ साली कर्ज काढून उभे केलेले घर. हॉल वेगळा, स्वयंपाकघर वेगळे आणि मध्ये जेवणाची खोली हवीच, हा ह्यांचा हट्ट. आठ खुर्च्यांचे सागवानी टेबल, वर जाड काच, भिंतीला कपाट आणि कपाटात बारा जणांचा चिनी मातीचा सेट. मी म्हटले, "घरात माणसे पाच." हे म्हणाले, "ऑफिसातली मंडळी येतील. त्यांना काय खाली बसवायचे?"

ह्यांचे म्हणणे मला कळत होते. माझ्या सासऱ्यांना गावात पंगत उठल्यावर, लांब बसवून वाढत. त्यांचा मुलगा टेबल घेणार तर आठ खुर्च्यांचेच घेणार.

गृहप्रवेशाला भंतेजी आले, परित्राणपाठ झाला. ऑफिसातले लोकही आले. घर फिरून पाहिले, टेबलावर हात फिरवून किंमत विचारली. पाने वाढायची वेळ झाली तेव्हा कुणाचा उपवास निघाला, कुणाला डॉक्टरांनी तेलकट बंद केले होते, कुणाला दुसरीकडे जायचे होते. तो बुधवार होता. बुधवारी इतके उपवास असतात हे मला त्या दिवशी कळले. एक बाई मात्र बसल्या, पोटभर जेवल्या आणि उरलेली खीर डब्यात मागून घेऊन गेल्या. खोटे कशाला बोलू, त्यांची आठवण अजून येते.

त्यानंतर त्या टेबलावर आम्ही तरी कुठे जेवलो! सासूबाई एकदा बसल्या आणि म्हणाल्या, "पाय लोंबते ठेवून घास उतरतो का गं?" त्या ताट घेऊन स्वयंपाकघरात फरशीवर गेल्या, त्यांच्यामागे मी, माझ्यामागे मुले. टेबलावर इस्त्रीचे कपडे, विजेची बिले आणि प्लॅस्टिकची फळे राहिली. दर रविवारी मी ती फळे पुसत असे.

२०२३ च्या जूनमध्ये दिराची नात अकरावीला आमच्याकडे राहायला आली. हॉलमध्ये टीव्ही, आतल्या खोलीत सासूबाईंचे दुखणे. पोर जिन्याच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसलेली दिसली आणि माझे मलाच लाजल्यासारखे झाले. परळच्या चाळीतली ती एक खोली, तिथेच चूल, तिथेच झोप, आणि पहाटे दोनला मुलाला अभ्यासाला उठवणारे सुभेदार रामजी, हे आपण दर जयंतीला ऐकतो. पुढे त्याच मुलाने दादरला राजगृह बांधले ते ग्रंथांना जागा हवी म्हणून, हेही ऐकतो. टाळ्या वाजवतो, घरी येतो आणि पोरांना टीव्हीपुढे वही देऊन बसवतो. मी त्यातलीच.

मी ह्यांना म्हटले, ही खोली अभ्यासाला देऊ. हे म्हणाले, "उद्या कुणी जेवायला आले तर?"

"कोण?" मी विचारले.

तोंडातून गेले खरे, पण मग फार वाईट वाटले. हे काहीच बोलले नाहीत. त्या रात्री त्या खोलीतला दिवा उशिरापर्यंत चालू होता. सकाळी पाहते तर चिनी मातीचा सेट वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरलेला आणि हे स्टुलावर चढून माळ्यावर जागा करताहेत.

काम वाटले तेवढे सोपे नव्हते. टेबलावरचा लोंबता दिवा शोभेचा, त्याच्या उजेडात वहीवर डोक्याची सावली पडे. तो काढून दोन ट्यूबलाइट लावल्या. काच चकाकून डोळ्यांना त्रास देई, ती उतरवली. फ्रीज त्याच खोलीत होता, दर पाच मिनिटांनी कुणीतरी पाण्याला येई. तो स्वयंपाकघरात ढकलला, आता तिथे मला वळायला जागा नाही. कपाटात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म', शासनाने काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड आणि पोरांची गाईडे एकाच फळीवर आहेत. गाईडे जास्त हाताळली जातात, हेही सांगायला हवे.

आधी एकटी होती. मग तिची मैत्रीण आली, मग आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा मुलगा, मग शेजारच्या गल्लीतल्या दोघी. त्यातल्या एकीच्या आईने पहिल्या दिवशी दारातूनच विचारले, "फी किती?" मी म्हटले, चपला बाहेर काढायच्या, एवढीच.

टेबलावर खायचे नाही, हा नियम ह्यांनी केला आहे. रात्री साडेनऊला पोरे उठतात, ज्यांना घरी जायला उशीर होतो ती स्वयंपाकघरात सासूबाईंशेजारी फरशीवर बसतात. पिठले-भाकरी असली तर भाकरी पुरत नाहीत. सासूबाई आपल्या ताटातली अर्धी मोडून देतात आणि कुणाचे आडनाव काय, हे त्यांना अजून ठाऊक नाही.

सध्या सात खुर्च्या भरलेल्या असतात. आठवीचा पाय डुगडुगतो. सुतार रविवारी येतो म्हणाला आहे.