पहिला सूर

बासरी शिकणाऱ्याला एक छंद हटकून जडतो. कानावर पडलेली चाल आपल्या बांबूत उतरते की नाही, हे पाहिल्यावाचून त्याला चैन पडत नाही. मग ती चाल देवळातील आरतीची असो, वा सातासमुद्रांपलीकडच्या एखाद्या देशातील असो. मलाही हा छंद फार दिवसांपासून आहे. पण त्यात केवळ बोटांचे नव्हे, तर विवेकाचेही काम असते, हे मला शिकवले ते शाकुहाची नावाच्या जपानी बासरीने.

शाकुहाची आपल्या बासरीसारखी आडवी धरीत नाहीत. सनईप्रमाणे ती समोर धरतात. बांबूच्या मुळाकडच्या जाड भागापासून ती घडवितात. वरच्या टोकाची कड तिरपी तासलेली असते व तिच्यावर फुंकर घालावयाची असते. छिद्रे अवघी पाच. चार समोर आणि एक मागे, अंगठ्यासाठी. नेहमीच्या शाकुहाचीची लांबी जपानी मापाने एक शाकु आठ सुन, म्हणजे सुमारे ५४.५ सेंटिमीटर असते आणि या मापावरूनच तिला नाव मिळाले आहे. पूर्वी फुके पंथाचे भिक्षू विणलेल्या टोपलीने तोंड झाकून ती वाजवीत हिंडत. त्यांच्या लेखी ते करमणुकीचे वाद्य नव्हते, ध्यानाचे साधन होते. १८७१ मध्ये जपानी सरकारने तो पंथ बंद केला. वाद्य मात्र लोकांनी जपले. त्या भिक्षूंच्या रचनांत ठेका नसतो. एक श्वास म्हणजे एक ओळ, आणि दोन श्वासांमधली शांतता हीसुद्धा संगीतच.

अशा वाद्यावर मी जी चाल उतरवू लागलो, ती होती ‘ऑल्ड लँग साइन’ या स्कॉटिश गीताची. रॉबर्ट बर्न्स या कवीने १७८८ मध्ये एका लोकगीताच्या आधारे हे शब्द लिहिले आणि आज सर्वतोमुखी असलेली चाल १७९९ मध्ये छापलेल्या एका संग्रहात त्यांच्याशी जोडली गेली. जुन्या स्नेहाची आठवण हा त्या गीताचा विषय. पुढे रवींद्रनाथांनी या चालीवर बंगाली गीत रचले. जपानात ती शाळेच्या वाटेने पोहोचली. १८८१ साली शालेय गीतसंग्रहासाठी तिला जपानी शब्द देण्यात आले आणि गीताचे नाव झाले ‘काजव्यांचा प्रकाश’. दिव्याला तेल नाही म्हणून काजव्यांच्या उजेडात आणि खिडकीशी साचलेल्या बर्फाच्या प्रकाशात अभ्यास करणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांच्या जुन्या चिनी कथा त्यात आल्या आहेत. शाळा सोडून जाणारी जपानी मुले पिढ्यानपिढ्या हे गीत गात आली आहेत.

ही परकी चाल जपानी कानांना इतक्या सहज कशी मानवली? तिचे स्वर पाहिले की उलगडा होतो. तिच्यात मध्यम आणि निषाद हे दोन स्वर नाहीत. सा, रे, ग, प, ध एवढ्याच पाच स्वरांवर ती उभी आहे. आपल्या भूप रागाचे स्वर हेच. आणि शाकुहाचीवर दुसऱ्या सुराला षड्ज मानले, तर तिची पाचही छिद्रे नेमके हेच स्वर देतात. हा योग पाहून मला मोठा हर्ष झाला. वाटले, आता बोटे ठेवायची आणि वाजवायचे!

पण चालीचा पहिलाच सूर मंद्र पंचम आहे आणि सगळी छिद्रे बंद केली तरी ही बासरी मंद्र धैवतापाशी थांबते. घराचे दार उघडावयाचे आणि उंबरठ्यालाच पायरी कमी, तशी ही अवस्था! यावर एक सोपा उपाय होता. सारी चाल एक सप्तक वर नेली की प्रत्येक सूर ठणठणीत वाजतो. तसे करून पाहिले. चाल बिनचूक वाजली, पण ती निरोपाची राहिली नाही. तिच्यातील भार कुठल्या कुठे उडून गेला. दुसरा उपाय वाद्याच्या स्वभावातच होता. हनुवटी खाली झुकवली की शाकुहाचीचा सूर उतरतो. मात्र तो उतरताना क्षीण होतो, जणू पडद्याआडून येतो. अगदी खालच्या धैवतावरून असे पंचमापर्यंत उतरणे कष्टाचे असते. मी तोच मार्ग धरला.

आणखीही काही बदलावे लागले. पहिल्या ओळीत षड्ज लागोपाठ तीनदा येतो. शाकुहाचीत जिभेने सूर तोडण्याचा प्रघात नाही; म्हणून छिद्रावर बोटाचा हलका आघात करून ते तीन षड्ज वेगळे केले. पियानोवर या चालीखाली साथीच्या स्वरांची गादी असते. येथे एकटा बांबू. तेव्हा ठेका सैल केला, प्रत्येक ओळ एका श्वासाला दिली आणि साथीच्या जागी शांतता ठेवली.

एके संध्याकाळी मी हे वाजवीत असता माझी पुतणी शेजारी येऊन बसली. वाजवून झाल्यावर ती म्हणाली, “काका, पहिला सूर मला ऐकूच आला नाही.” मी विचारले, “मग गाणे कसे ओळखलेस?” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “तो मीच मनात म्हटला.”

तिच्या या उत्तराने मला या कामाचे मर्म कळले. ओळखीची चाल केवळ वाजवणाऱ्याची नसते. तिचा निम्मा भाग ऐकणाऱ्याच्या स्मरणात असतो. म्हणून तिचा प्रत्येक सूर मोठ्याने सांगण्याची गरज नसते. गरज असते ती कोणते सोडता येणार नाही, हे ओळखण्याची. ठेका सोडता आला, साथ सोडता आली. निरोपाचा भार मात्र सोडता आला नसता. तो क्षीण पंचम शेवटच्या षड्जाच्या आधी पुन्हा एकदा येतो. तेथेही मी हनुवटी झुकवतो आणि उरलेले ऐकणाऱ्यावर सोपवतो.