रुसलेला संगणक

शहाडास राहणाऱ्या मनुष्यास वीज जाणें हें कांहीं नवीन नाहीं. उल्हास नदी, रेल्वेचे रूळ, सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आणि या सर्वांच्या आसऱ्यानें वाढत गेलेली वस्ती, असें हें आमचें गांव. पहिला वळीव झाला कीं कोठें तार तुटते, कोठें फांदी पडते, आणि आम्ही मेणबत्ती शोधूं लागतों. तथापि ही पीडा आमच्यासारख्या आडबाजूच्या लोकांच्याच वांट्याला आली आहे असें मात्र नाहीं. ता. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास मुंबई व ठाणें या भागांतील वीज एकाएकीं गेली आणि लोकलगाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या. साथीचे दिवस असल्यामुळें विद्यापीठाच्या परीक्षा घरोघर संगणकावर चालल्या होत्या. त्या दिवशींचे पेपर पुढें ढकलावे लागले.

पूर्वीं दिवा गेला कीं काम थांबे व दिवा आला कीं तें पुनः सुरू होई. संगणकाची गोष्ट निराळी. तो लिहीत असतां त्याच्या हातांतील लेखणीच हिसकावून घेतल्यासारखें होतें, आणि अर्धवट लिहिलेली ओळ तशीच राहते. शिवाय खरा घात पुष्कळ वेळां वीज जातांना होत नाहीं, तर ती परत येतांना होतो. आळींतील सगळे फ्रिज, पंखे व पाण्याचे पंप एकदम वीज ओढूं लागतात, दाब क्षणांत खालीं येतो व क्षणांत वर चढतो. म्हणून वीज गेली कीं भिंतीवरचें बटण बंद करावें आणि ती परत आल्यावर पांचदहा मिनिटें वाट पाहावी. या कामास पैसा लागत नाहीं. बहुधा म्हणूनच तें कोणी करीत नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेंतील एका संगणकावर हाच प्रसंग आला. एरवीं या यंत्राची कोणी एवढी काळजी केली नसती. परंतु आमच्या मुलांनीं ता. २६ जुलै २००५ च्या महापुराच्या आठवणी त्यांत सांठवून ठेविल्या होत्या. त्या दिवशीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हें कोणत्याहि पुस्तकांत सांपडेल. पण उल्हासचें पाणी कोणाच्या ओसरीवर कोठवर चढलें, कोणत्या म्हातारीनें धान्याची कोठी कशी वर चढविली, हें पुस्तकांत नाहीं. मुलांनीं शहाड, मोहने व आंबिवली येथें हिंडून अशीं त्रेचाळीस ध्वनिमुद्रणें केलीं होतीं. सांगणाऱ्यांपैकीं तिघेजण पुढें वारले. मोबाइलांत जागा थोडी, त्यामुळें मूळ मुद्रणें त्यांतून केव्हांच निघून गेलीं होतीं.

एके दिवशीं दुपारीं पाव तासांत तीन वेळां वीज गेली व आली. नंतर बटण दाबलें तेव्हां पंखा फिरूं लागला, पण पडदा काळाच. नववीचा एक विद्यार्थी धांवत जाऊन एका दुकानदारास घेऊन आला. त्यानें दोनदां बटण दाबून पाहिलें आणि मदरबोर्ड जळला, नवा संगणक घ्या, असें सांगून तो निघून गेला. "सर, आतां आजोबांचा आवाज गेला कां?" मुलानें विचारलें. त्याचे आजोबा त्या तिघांपैकीं एक होते. हातांत पेचकस न घेतां केलेलें निदान मला तरी मान्य नव्हतें.

प्रथम आम्हीं टेबलावरचा दिवा त्याच प्लगला लावून पाहिला; तो नीट लागला. पडद्याची तार व त्याचा स्वतःचा दिवाहि तपासला. मग संगणकाची मुख्य तार काढिली, छपाईयंत्र, पेन ड्राइव्ह वगैरे जें जें जोडलें होतें तें सर्व सोडविलें आणि चालू करण्याचें बटण अर्धा मिनिट दाबून धरिलें. यांत जादू कांहीं नाहीं. दाबाच्या चढउतारानें आंतील वीजपेटी कधीं कधीं आपल्याच रक्षणासाठीं अडून बसते. उरलासुरला विद्युत्भार निघून गेल्यावर ती पुष्कळदां भानावर येते. ही पेटी मात्र कोणीं उघडूं नये. तार काढल्यावरहि तिच्यांत तीनशेंहून अधिक व्होल्टचा भार कांहीं वेळ राहूं शकतो.

पुनः तार जोडली. या खेपेस पंख्याबरोबर शिट्याहि ऐकूं आल्या, लांब व एकामागून एक. किती शिट्या म्हणजे कोणता बिघाड, हें बनविणाऱ्यागणिक बदलतें. आमच्या यंत्राच्या पुस्तिकेंत हें रॅमचें लक्षण दिलें होतें. तार पुनः काढून रॅमच्या दोन्ही पट्ट्या उपसल्या, त्यांच्या सोनेरी कडा शिसपेन्सिलीच्या रबरानें हळूच पुसल्या आणि एकेक पट्टी कट्‌ असा आवाज येईपर्यंत बसविली. पडदा उजळला! मुलांनीं टाळ्या वाजविल्या. मीं त्यांस गप्प केलें, कारण पडद्यावर तक्रार उमटली होती. घड्याळ कित्येक वर्षें मागें गेलें होतें. मदरबोर्डावर रुपयाएवढी तीन व्होल्टची एक बॅटरी असते, तिला सी. आर. २०३२ म्हणतात; ती संपली कीं वीज जातांच यंत्र तारीख विसरतें. तारीख चुकली कीं संकेतस्थळेंहि उघडत नाहींत, कारण त्यांचीं प्रमाणपत्रें मुदतीचीं असतात. नवी बॅटरी थोड्याच रुपयांत आली.

इतकें झालें तरी विंडोज सुरू होईना. वर्तुळ फिरे, दुरुस्ती चालू आहे असें दिसे, आणि यंत्र पुनः पहिल्यापासून आरंभ करी. अखेर त्यानेंच एक मार्ग सुचविला: सर्व कांहीं पूर्ववत्‌ नवें करा. वाचकहो, असल्या वेळीं मनुष्य थकलेला असतो, आणि समोर एकच बटण असतें. त्या मार्गानें संगणक वांचतो हें खरें, पण पर्याय निवडतांना चूक झाली तर त्यांतील सर्व कांहीं पुसलें जातें. आम्हांस संगणक नको होता, आवाज हवे होते. म्हणून हार्ड डिस्कच बाहेर काढिली. तिच्यांतून टक्‌ टक्‌ असा आवाज आला असता तर तेथेंच थांबून ती जाणत्याकडे धाडली असती. तसें कांहीं नव्हतें. एका जोडतारेनें ती दुसऱ्या संगणकास लाविली, आणि दुरुस्तीला हात लावण्यापूर्वीं सर्व मुद्रणांची नक्कल दोन ठिकाणीं करून घेतली. डिस्क तपासण्याची आज्ञा त्यानंतर दिली. हा क्रम उलटा करूं नये, कारण अशी तपासणी मोडकें दिसेल तें आपल्या समजुतीनें छाटून टाकूं शकते.

त्रेचाळिसांपैकीं एकेचाळीस मुद्रणें धड निघालीं. वीज गेली त्या घटकेस मुलें ज्या दोहोंवर काम करीत होतीं, तीं अर्धवट राहिलीं. विंडोजची व्यवस्था कपाटाची यादी शाबूत ठेवूं शकते, परंतु त्या क्षणीं लिहिल्या जाणाऱ्या कागदाची हमी देत नाहीं. त्यांतलें एक मोहन्याच्या एका मावशींचें होतें. मुलें पुनः त्यांच्याकडे गेलीं, आणि या खेपेस त्यांनीं पूर्वींहून दुप्पट वेळ सांगितलें.

दुसरें त्या विद्यार्थ्याच्या आजोबांचें. त्यांत पहिलीं चार मिनिटें आहेत. पाणी दारांतून आंत शिरलें, त्यांनीं धाकट्या मुलास खांद्यावर घेतलें, आणि शेजाऱ्याला हांक मारली, तेथें आवाज थांबतो. तो मुलगा म्हणजे या विद्यार्थ्याचे काका. पुढची हकीकत त्यांना आठवते तेवढी त्यांच्याच आवाजांत आम्हीं निराळी मुद्रित केली आहे. आजोबांच्या मुद्रणास ती जोडलेली नाहीं.