सरोवराकाठची चौदा दिवसांची शाळा

पाहुण्यानें फार दिवस राहूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. परंतु पाहुणा मास्तर होऊन आला, तर त्यानें किती दिवस राहावें? हा प्रश्न आम्हांस २०१८ सालच्या जून महिन्यांत आफ्रिकेंतील मलावी देशांत पडला.

आम्ही उभयतां जन्मभर शाळेंत शिकवून निवृत्त झालों. स्कॉटलंडांत मुलाकडे राहावयास गेलों असतां, शेजारच्या चर्चची कांहीं मंडळी मलावींतील एका खेड्यांत दोन आठवडे मुलांना शिकविण्यासाठीं निघाली होती. प्रार्थनेचा तास त्यांचा आणि गणिताचा आमचा, असें ठरलें, व आम्हीही त्यांच्याबरोबर निघालों. आपण कांहीं पुण्यकर्म करावयास चाललों आहों, असा अभिमान मनांत नव्हता म्हणणें खोटें होईल.

मलावी सरोवराची लांबी साडेपांचशे किलोमीटरांहून अधिक आहे. काठावर उभें राहिलें म्हणजे समुद्रच वाटतो. पाणी मात्र गोडें. पहाटे सूर्य पाण्यांतून वर येतो आणि पाठीमागचा पश्चिमेचा कडा तांबूस होतो. त्या कड्यावर लिव्हिंगस्टोनिया हें गांव वसलें आहे. वर जाणारी सडक वीस अवघड वळणें घेत चढते. आम्हांस आपल्या घाटांची आठवण झाली.

१८७३ सालीं वारलेल्या डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या स्मरणार्थ स्कॉटिश मिशनऱ्यांनीं १८७५ सालीं सरोवराच्या दक्षिण टोकाकडे आपलें ठाणें घातलें. तेथील तापानें माणसें दगावलीं, म्हणून तें १८८१ सालीं उत्तरेस बांडावे येथें आणि १८९४ सालीं या थंड पठारावर हलविण्यांत आलें. त्यांतले डॉ. रॉबर्ट लॉज १८७५ सालीं आले, ते १९२७ सालीं कायमचे स्वदेशीं परतले. ५२ वर्षें! या शाळांतून शिकलेले लिव्हाय मुंबा १९४४ सालीं न्यासालँड आफ्रिकन काँग्रेसचे पहिले अध्यक्ष झाले. येथेंच शिक्षक झालेले क्लेमेंट्स कडाली यांनीं १९१९ सालीं दक्षिण आफ्रिकेंत कामगारांची मोठी संघटना उभारली. गुरूंनीं योजिलें होतें त्याच्याही पलीकडे शिष्य गेले. असें फळ दीर्घ सहवासानेंच येतें.

या प्रदेशाचें आपल्या महाराष्ट्राशींही जुनें नातें आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. एकोणिसाव्या शतकांत गुलामांच्या व्यापारांतून सोडविलेलीं आफ्रिकन मुलें नाशिकजवळ शरणपूर येथें मिशनच्या आश्रयास राहून शिकत. सरोवराच्या दक्षिणेकडील प्रदेशांतला, याओ जमातीचा चुमा १८६४ सालीं मुंबईस डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेंत ठेवला गेला होता. नाशकास शिकलेला जेकब वेनराइट हाही याओच. लिव्हिंगस्टनचें शव शेंकडों मैल चालून समुद्रापर्यंत नेणाऱ्यांत हे दोघेही होते, आणि १८७४ सालीं वेस्टमिन्स्टर ॲबींतील दफनविधीस वेनराइट हजर होता. शिक्षणाचें चीज झालें, असें म्हणावें; परंतु ती परदेशची शाळा त्या मुलांनीं मागितलेली नव्हती, हेंही विसरतां येत नाहीं.

आमची शाळा कड्याच्या पायथ्याशीं, सरोवराकाठीं होती. मलावींत १९९४ पासून प्राथमिक शिक्षण निःशुल्क झालें. मुलें लोटलीं, पण शिक्षक व खोल्या त्या मानानें वाढल्या नाहींत. आमच्या वर्गांत शंभरावर मुलें जमिनीवर दाटीवाटीनें बसत. दुपारीं मक्याच्या पिठाचा, आपल्या उकडीसारखा घट्ट 'न्सिमा' आणि पालेभाजी मिळे. हातानें जेवण्याची आम्हांस सवयच; स्कॉटिश मंडळींची मात्र तारांबळ उडे.

पहिले तीन दिवस गाणीं, खेळ आणि रंगीत चित्रें यांत गेले. मुलें टाळ्या पिटीत; मंडळी छायाचित्रें घेत. चौथ्या दिवशीं आम्हीं भागाकार काढला आणि फळ्यावर आपल्या पद्धतीनें मांडून दाखविला. मुलें गप्प. पाठीमागें भिंतीशीं वर्गाचे गुरुजी उभे होते. तीन दिवस ते तसेच उभे होते, हें आमच्या तेव्हां ध्यानांत आलें. मधल्या सुटींत विचारतां ते अदबीनें म्हणाले, "हा भाग मीं निराळ्या मांडणीनें सुरू केला होता. तुम्ही गेल्यावर मला पुन्हां पहिल्यापासून सांगावें लागेल."

त्यांच्या स्वरांत राग नव्हता. असता तर बरें वाटलें असतें. आमच्या वर्गांत कोणी पाहुण्यानें असें केलें असतें, तर आम्हीं खपवून घेतलें असतें काय? जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसांस एवढें कळूं नये, याची रात्रीं फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशीं खडू त्यांच्या हातीं दिला. ते चिटुंबुका भाषेंत शिकवीत. आम्ही मागें बसून वह्या तपाशीत असूं आणि मागें पडलेल्या मुलांबरोबर खडे मोजीत असूं. छायाचित्रें घेण्याजोगें त्यांत कांहीं नव्हतें. परंतु उरलेल्या दिवसांत आमच्या हातून जें काय काम झालें, तें हेंच.

निघण्याच्या दिवशीं एका मुलीनें अचूक सोडविलेला भागाकार आणून दाखविला. मांडणी गुरुजींची होती. तिनें कांहीं विचारलें, गुरुजींनीं अर्थ सांगितला: "उद्यां येणार ना?" आम्हांस उत्तर सुचेना. तेव्हां गुरुजींनींच तिला तिच्या भाषेंत कांहीं सांगितलें, आणि ती समाधानानें वही घेऊन गेली. मागाहून आम्हीं विचारलें, तेव्हां ते म्हणाले, "उद्यां मी आहें, असें सांगितलें."

आतां आम्ही दरसाल त्या शाळेस वह्यांपुरती थोडी रक्कम पाठवितों. ती कशी खर्चावी, हें गुरुजी ठरवितात. आपल्या घरांतूनही तरुण मुलें-मुली सुटींत दूर देशीं वा आपल्याच आडगांवीं शिकविण्यासाठीं जातात. त्यांनीं अवश्य जावें. मात्र पहिल्या दिवशीं फळ्याकडे न जातां वर्गाच्या गुरुजींकडे जावें आणि मी कोठें बसूं, एवढें विचारावें.